पुराची जागा कोणाची?

ज्या प्रश्नाविषयी आज लिहिण्याचे आम्ही योजिले आहे तो वरवर पाहता तलाठ्याच्या दप्तरातला आहे. मनुष्याच्या नावे सातबारा आहे, शेतसारा तो भरतो, मोजणीचे दगड जागच्या जागी आहेत. मग त्या जमिनीवर त्याने भराव घालावा की न घालावा हे त्यास विचारणारे आपण कोण? आम्हीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. परंतु एका पावसाळ्यात आमच्याच हातच्या कामाचे फळ आमच्या दृष्टीस पडले, तेव्हापासून हा प्रश्न दप्तरातून निघून आमच्या उशाशी येऊन बसला आहे, आणि तो अद्याप तेथून उठलेला नाही.

प्रथम नदीचा स्वभाव पाहू. नदीस दोन पात्रे असतात. एक नित्याचे, ज्यात घाट, डोह व उतार आहेत आणि जे आपण नदी म्हणून ओळखतो. दुसरे चार-आठ दिवसांचे. ते वर्षाचे बाकीचे दिवस आपणांस शेत म्हणून दिसते. सरकारी भाषेत त्यास पूरमैदान म्हणतात. आमच्या म्हाताऱ्या माणसांस हा शब्द ठाऊक नाही. ती त्यास मळी म्हणतात, आणि कृष्णाकाठच्या वांग्यांची जी ख्याती आहे ती त्या मळीवर पुराने आणून बसविलेल्या पोयट्याची आहे हे त्यांस पक्के ठाऊक असते. पुराचे पाणी मळीवर पसरले म्हणजे त्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो, विहिरींस पाझर लागतो, आणि खालच्या गावावर ते एकदम न कोसळता सावकाश जाते. आमच्या भागात याची गरज विशेष आहे. कऱ्हाडास कोयना कृष्णेस मिळते, सांगलीजवळ हरिपुरास वारणा मिळते, नृसिंहवाडीस पंचगंगा मिळते; आणि भूमीचा उतार तर फारच थोडा. सर्व नद्या एकदम भरल्या म्हणजे थोरली धाकटीस आत येऊ देत नाही. धाकटीचे पाणी मागे फुगते, ओढ्याओघळींतून उलटे चढते, आणि जेथे सखल जागा सापडेल तेथे जाऊन थांबते. ते थांबणे हेच त्याचे औषध आहे. थांबावयास जागा नसेल तर ते कोणाच्या तरी घरात थांबते.

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पुराचे पाणी शिरते, तेव्हा तेथील लोक उत्सवमूर्ती उंचावर नेतात व पाणी उतरल्यावर परत आणितात. ज्यांनी ते स्थान वसविले त्यांनी नदीस अडविले नाही. तिची वेळ आली की आपण वाट सोडावी अशी रीत घातली. त्यांचा व आमचा उपासनेचा मार्ग भिन्न आहे. तरी या एका बाबतीत त्यांची रीत आमच्यापेक्षा शहाणी होती हे कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

या दुसऱ्या पात्राची हद्द सरकारनेही जाणली आहे. १९८९ साली महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने परिपत्रक काढून पूररेषांचा नियम घातला. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत शेती, बाग, खेळाचे मैदान असे मोकळे उपयोग तेवढे असावेत, बांधकाम असू नये. निळी व लाल यांच्या दरम्यान बांधणे तर निर्बंधाने बांधावे, असा त्याचा आशय आहे. येथे एका गैरसमजाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण तो आम्ही सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकिला आहे. पुष्कळांस वाटते की पंचवीस वर्षांचा पूर एकदा येऊन गेला म्हणजे पुढची पंचवीस वर्षे निर्धास्त निजावे. नदी असे पंचांग पाहून चालत नाही. त्याचा अर्थ इतकाच की दरवर्षी अशा पुराचा संभव शंभरांत चार असतो, मग गेल्या वर्षी तो आलेला असो वा नसो. जो आज निळ्या रेषेवर घर बांधील, त्याचे आज जन्मलेले मूल पंचवीस वर्षांचे होण्यापूर्वी ते घर पाण्यात जाण्याचा संभव शंभरांत सुमारे चौसष्ट आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. २००५ साली कृष्णा तेथे सुमारे चोपन्न फुटांवर गेली, २०१९ साली सत्तावन्न फुटांच्याही वर, आणि २०२१ साली पुन्हा पंचावन्नाच्या आसपास. सोळा वर्षांत तीन वेळा.

आता आमची गोष्ट. गावाचे नाव आम्ही देत नाही, कारण दोष गावाचा नाही. त्या गावी आमची चाळीसएक कुटुंबांची मंडळी आहे. उपासनेस पत्र्याचे छप्पर आहे, परंतु लग्नकार्यास, मुलांच्या शाळेस, सभेस जागा नाही. मंडळीतल्याच एका सुस्थितीतील कुटुंबाने नदीच्या बाजूचे बारा गुंठे रान सभागृहासाठी दान दिले. दान मनापासून होते. रान सखल होते, म्हणून पाच फूट मुरूम टाकून ते उंच करावे असे पंचांच्या सभेत ठरू लागले. तेव्हा आमचा प्रचारक उभा राहिला. तो फारसा बोलणारा मनुष्य नव्हे. तो म्हणाला की या रानाच्या कडेने वस्तीचा ओढा जातो. पुराचे पाणी त्यातूनच वस्तीत येते आणि त्यातूनच परत जाते. भराव पडला तर ते कोठून जाईल? सभेचे अध्यक्ष आम्हीच होतो. दोन नळ टाकू, असे आम्ही म्हणालो, आणि तो प्रश्न आम्ही इतिवृत्तात किरकोळ बाबी या सदराखाली घातला. मुरुमाच्या ट्रॉल्या येऊ लागल्या. नळही टाकिले, ते दुसऱ्याच वर्षी गाळाने बुजले.

२०१९ च्या ऑगस्टात पूर आला. तो आमच्या मुरुमाने आला असे कोणी म्हणणार नाही. तो यावयाचाच होता, आणि त्या वर्षी साऱ्या कृष्णाकाठाने जे भोगिले, ब्रह्मनाळ येथे नाव उलटून जी माणसे गेली, ते वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु गावातील इतर आळ्यांतून पाणी उतरले तरी भरावामागच्या वस्तीत ते आणखी पाच दिवस उभे राहिले. मातीची भिंत दोन दिवस पाण्यात उभी राहील. सातव्या दिवशी ती खाली बसते. अकरा घरे बसली. माणूस दगावले नाही, ही कृपा. त्या अकरांपैकी सात घरे आमच्या मंडळीतली नव्हती. त्यांनी आमचे सभागृह मागितले नव्हते व त्यांस त्याचा उपयोगही होणार नव्हता. आम्ही भेटीस गेलो तेव्हा एक आजी चिखल उपसता उपसता आम्हांस म्हणाली, “पाळकसाहेब, पाणी येतंय त्याचं काय न्हाई. येतंय तसं जातंय बी. ह्या खेपंला त्याला जायाला तुमी वाट ठेवली न्हाई.” ती रागाने बोलली असती तर आम्हांस बरे वाटले असते.

ज्या समाजातून आमच्यापैकी बहुतेक आले, त्यास गावाने पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेरची आणि पुष्कळ ठिकाणी सखल जागा दिली, याचा जाब आम्ही सभांतून व लेखांतून विचारीत आलो आहो. आणि हातभर जागा आमच्या पदरी पडताच आम्ही ती उंच केली व पाणी आमच्याच माणसांच्या दारात कोंडिले.

आता शांतपणे विचार करू. आमचा अपराध कोणता? कागद आमच्या बाजूस होता. त्या गावी त्या वेळी निळ्या रेषेचे दगड रोवलेले नव्हते. हेतू चांगला होता. पैसा कष्टाचा होता. इतके सर्व असूनही जर अकरा घरे बसतात, तर मालकी या शब्दात आम्ही काही तरी अधिक घातले असले पाहिजे. आम्हांस असे दिसते की रान मालकाचे असते, परंतु त्याचा सखलपणा एकट्या मालकाचा नसतो. माती, पीक, झाडे ही विकत घेता येतात. पाणी तेथे येऊन थांबते हा जो त्या जागेचा गुण, त्याचा लाभ अर्धा गाव घेत असतो, आणि तो खरेदीखतात कोठेही लिहिलेला नसतो. आपल्या शेतकऱ्यास ही कल्पना परकी नाही. दुसऱ्याच्या बांधावरून बैलगाडी नेण्याची जुनी वहिवाट असेल तर मालकास तेथे काटे टाकिता येत नाहीत; रान त्याचे, पण वाट सर्वांची. तो काटे टाकील तर मामलेदार त्यास ते काढावयास लावितो. मनुष्यास वहिवाट, बैलास वहिवाट, मग पाण्यास का नसावी? कोणी म्हणेल, वहिवाट रोजची असते, पूर क्वचितचा. परंतु वर्षातून एकदा उसाची गाडी जाते त्या वाटेसही आपण वाटच म्हणतो. आणि नदीची वहिवाट तर गावात पहिले घर उभे राहिले त्यापूर्वीची आहे.

दुसरा आक्षेप असा की एकाच्या बारा गुंठ्यांनी असे काय होते? कृष्णेची पातळी आमच्या मुरुमाने तसूभरही वाढली नसेल, हे आम्ही कबूल करितो. वीटभट्टीवाला असेच म्हणतो, मंगल कार्यालयवाला असेच म्हणतो, रस्त्याचा ठेकेदारही असेच म्हणतो, आणि प्रत्येक जण खरे बोलतो. कोल्हापूर-सांगली भागातील शेतकरी महामार्गांच्या उंच भरावांविषयी कित्येक वर्षे हीच तक्रार करीत आले आहेत, की भरावाच्या जागी कमानींचा पूल करा, म्हणजे पाणी खालून जाईल. जे पाप शेकडो हातांनी वाटून घेतले जाते ते कोणाच्याही हातास जड लागत नाही. त्याचे सर्व ओझे शेवटी एकाच ठिकाणी, सखल वस्तीत, उतरते.

तिसरे म्हणणे फार लोकप्रिय आहे, ते म्हणजे दोष अलमट्टीचा. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमिली व तिचा अहवाल २०२० साली आला. सांगली-कोल्हापूरच्या पुरास अलमट्टी कारण झाली असे त्या समितीस आढळले नाही. तिने अतिवृष्टीकडे व नदीकाठच्या अतिक्रमणांकडे बोट दाखविले. पुष्कळांस हा निर्णय मान्य नाही व तो वाद अद्याप मिटलेला नाही. धरणातून पाणी केव्हा व किती सोडावे हा प्रश्न खरा आहे, आणि तो विचारीत राहिले पाहिजे. परंतु आमच्या ध्यानात एक गोष्ट आली आहे. अलमट्टीविषयी जो मनुष्य घटकाभर बोलतो, त्यास त्याच्या घरामागच्या ओढ्याविषयी विचारिले तर तो गप्प बसतो. आम्हीही बसलो होतो.

सर्वांत कठीण आक्षेप गरिबांचा आहे, व येथे आम्हांस थोडे थांबावे लागेल. नदीची जागा नदीस द्या, हे वाक्य ज्याच्या तोंडी असते त्यावर त्याचा अर्थ बदलतो. दिल्लीत यमुनेच्या काठी यमुना पुश्ता नावाच्या मोठ्या झोपडवस्त्या होत्या. त्या २००४ साली पाडल्या गेल्या व तेथील कुटुंबे शहराच्या दूरच्या कडेस नेली. त्यानंतर काहीच वर्षांत त्याच नदीच्या काठी २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी पक्क्या इमारतींचे गाव उभे राहिले. त्याविरुद्ध लोक न्यायालयात गेले; उच्च न्यायालयाने चौकशीसाठी समिती नेमावी म्हटले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ते बांधकाम राहू दिले. झोपडी नदीची जागा अडविते आणि इमारत अडवीत नाही, हे कोणत्या गणिताने ठरते ते आम्हांस समजत नाही. म्हणून नदीची बाजू घेणाऱ्याने प्रथम स्वतःस विचारावे की आपण कोणास हलवावयास सांगत आहो, आणि त्यास कोठे जावयास सांगत आहो. पोट नदीकाठी आणि घर दहा कोसांवर, असे केले तर मनुष्य परत येतोच. येऊ नये असे त्यास सांगण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाही.

त्याच यमुनेची बाजू ज्यांनी मांडली त्यांत मनोज मिश्र हे एक होते. वनखात्यातील नोकरी सोडून त्यांनी २००७ साली यमुना जिये अभियान सुरू केले आणि २०२३ साली मरेपर्यंत ते त्या कामात राहिले. त्यांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०१५ मध्ये यमुनेच्या पूरमैदानात बांधकाम होऊ नये असा विस्तृत निर्णय दिला. पुढच्याच वर्षी, मार्च २०१६ मध्ये, त्याच मैदानावर एक प्रचंड धार्मिक-सांस्कृतिक महोत्सव भरला. न्यायाधिकरणाने तो थांबविला नाही, मात्र भरविणाऱ्या संस्थेस पाच कोटी रुपये भरावयास लाविले व पुढे तिला हानीस जबाबदार धरिले. निर्णय हाती असूनही काय घडते याचा हा नमुना आहे. तथापि पुण्यात मुठेच्या पात्रालगत, निळ्या रेषेच्या आत घातलेल्या रस्त्याविरुद्ध काही नागरिक त्याच न्यायाधिकरणापुढे गेले, आणि २०१३ साली त्यांच्या बाजूने आदेश झाला. तेव्हा बोलून उपयोग नाही असेही म्हणता येत नाही. २०२३ च्या जुलैत यमुना दिल्लीस २०८.६६ मीटरांपर्यंत चढली. पूर्वीचा उच्चांक १९७८ सालचा होता, तो मागे पडला, आणि पाणी लाल किल्ल्याच्या तटाशी जाऊन लागले. किल्ला बांधिला तेव्हा यमुना त्याच्या पायथ्यानेच वाहत असे.

जागा देण्याचे काम गरिबांस न चिरडता होऊ शकते का? एक उदाहरण हॉलंड देशाचे आहे. तेथे १९९५ साली नद्या इतक्या चढल्या की सुमारे अडीच लाख लोकांस घरे सोडावी लागली. त्यानंतर त्या सरकारने बांध उंच करीत बसण्याऐवजी नद्यांस जागा देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ओव्हरडीप नावाच्या भागातील शेतकऱ्यांस कळले की आपले रान पुरासाठी मोकळे होणार. त्यांनी मोर्चा काढिला नाही, की मुकाट्यानेही गेले नाहीत. त्यांनी स्वतःच एक योजना सरकारपुढे मांडिली. नदीकाठचा बांध खाली घ्या. एका कडेस मातीची उंच टेकाडे करून द्या. त्यांवर आम्ही घरे व गोठे बांधू. बाकीचे रान पूर येईल तेव्हा पुराचे. २०१५ च्या सुमारास ते काम पुरे झाले. आठ टेकाडे झाली. जवळजवळ निम्म्या कुटुंबांस मात्र तेथून जावेच लागले. सरकारने भरपाई दिली, तरी जाणे ते जाणेच. कोणी म्हणेल, टेकाडे हाही भरावच. होय, परंतु त्यांनी नदीपासून जेवढी जागा घेतली त्याहून कितीतरी अधिक तिला परत दिली, आणि कोणती जागा द्यावयाची हे सांगावयास ते स्वतः सभेत बसले होते. आमच्या वस्तीतील त्या आजीस अशा सभेत कोणी बोलाविले होते? आमचा प्रचारक न बोलाविता बोलला, आणि त्याचे आम्ही काय केले ते वर लिहिलेच आहे.

पूर उतरल्यावर पंचांची सभा पुन्हा भरली. या खेपेस इतिवृत्तात पहिली बाब ओढ्याची होती. प्रचारकाची क्षमा आम्ही सभेत मागितली. तो खाली पाहत राहिला व म्हणाला, आधी वाट मोकळी करू. २०२० च्या जानेवारीत ग्रामसभेत आम्ही उभे राहून भराव कोणी घातला, कोणाच्या सहीने घातला, हे सर्वांसमक्ष सांगितले. मग ओढ्याच्या अंगास बारा फूट रुंदीचा मुरूम काढिला, व उरलेलाही हळूहळू उचलून ज्यांची घरे बसली होती त्यांच्या जोत्यांस दिला. सभागृहाचा पैसा त्यात गेला. दान देणारे कुटुंब रुसले. त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी तेथे लागावयाची होती, आणि आता तेथे काहीच लागणार नव्हते. त्यांतील दोन घरे अद्याप आमच्याशी बोलत नाहीत, आणि त्यांस आम्ही दोष देत नाही, कारण खड्ड्यात त्यांना आम्हीच नेले होते.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा वस्तीत शिरले. गावातील इतर आळ्यांतून ते ज्या दिवशी उतरले त्याच दिवशी वस्तीतूनही उतरले. एक गोठा पडला.

आता त्या बारा गुंठ्यांत हिवाळ्यात वांगी असतात, आणि उन्हाळ्यात मुले खेळतात. सातबाऱ्यावर मंडळीचेच नाव आहे. नदीच्या वरच्या अंगास अर्ध्या मैलावर एका रानात मंगल कार्यालयासाठी भराव पडू लागला आहे. त्याविरुद्ध तहसील कचेरीत जो अर्ज गेला त्यावर प्रचारकाची सही पहिली आहे, आमची दुसरी, आणि त्या आजीचा अंगठा तिसरा. अर्ज विचाराधीन आहे. प्रचारक दर सोमवारी कचेरीत जाऊन विचारून येतो.